मुतखड्यावर प्रोस्टेटचे औषध का देतात?

मे महिन्यातल्या एका दुपारी कर्वेनगरला राहणाऱ्या माझ्या भाचीच्या डाव्या कुशीत अशी कळ आली की तिला ना बसवेना ना झोपवेना. सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन झाला, आणि मूत्रवाहिनीच्या अगदी खालच्या टोकाशी सहा एमएमचा खडा अडकल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी वेदनाशामक इंजेक्शन दिले, गोळ्या लिहून दिल्या आणि चार आठवड्यांत खडा आपोआप पडेल असे वाटते, असे सांगून घरी पाठवले. त्या गोळ्यांत टॅमसुलोसिन नावाची एक कॅप्सूल होती. भाचीने सवयीप्रमाणे माहितीपत्रक उघडले, आणि प्रौढ पुरुषांच्या वाढलेल्या प्रोस्टेटसाठीचे हे औषध आहे, असे वाचून ती थेट औषधाच्या दुकानात परत गेली. दुकानदाराने चुकीचे पाकीट दिले असावे, अशी तिची खात्री होती. बत्तीस वर्षांच्या बाईला प्रोस्टेट नसतेच, तेव्हा तिची शंका अगदी रास्त होती.

पाकीट मात्र बरोबर होते. पुण्यात उन्हाळा चढला की अंगातले पाणी कमी होते, लघवी दाट होते आणि मुतखड्याचे रुग्ण वाढतात. त्यांतल्या अनेकांच्या हाती हीच चिठ्ठी पडते, आणि हे औषध नक्की काय करते, कोणाला उपयोगी पडते आणि त्याच्या भरवशावर किती दिवस थांबावे, हे त्यांना कोणी नीट समजावून सांगितलेले नसते. दवाखान्यातली गर्दी पाहता डॉक्टरांनाही पाच मिनिटांच्या वर वेळ नसतो. म्हणून हा लेख.

मूत्रवाहिनी म्हणजे नळ नव्हे

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आणले गेले, ते केवळ उताराच्या जोरावर. वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सुटायला उभारलेले मनोरे, ठेवले होते, पण पाण्याला पुढे ढकलणारे काहीही नव्हते. बहुतेकांच्या डोक्यात मूत्रवाहिनीचे चित्र असेच असते: वर मूत्रपिंड, खाली मूत्राशय आणि मधे एक नळ. हे चित्र चुकीचे आहे, आणि मुतखड्याबद्दलचे निम्मे गैरसमज त्यातूनच निघतात.

मूत्रवाहिनी म्हणजे सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची आणि आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असलेली स्नायूंची नळी. तिच्या भिंतीतले स्नायू वरून खाली लाटेसारखे आकुंचन पावतात आणि लघवीचा एकेक घोट मूत्राशयाकडे नेऊन सोडतात. आपण शीर्षासन केले तरी गिळलेला घास पोटाकडेच जातो, त्याच प्रकारचे हे काम आहे. या नळीत तीन अरुंद जागा असतात: मूत्रपिंडातून ती निघते तिथे, कमरेजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना ती ओलांडते तिथे, आणि मूत्राशयात शिरते तिथे. शेवटची जागा सर्वांत अरुंद. रिपोर्टमध्ये तिला ‘व्हीयूजे’ म्हणतात, आणि बरेच खडे प्रवासाच्या अखेरीस तिथेच अडकतात.

आता या जिवंत नळीत एखादा खरखरीत खडा आला की ती शांत राहत नाही. खड्याभोवतीचा स्नायू चिडतो, आवळतो, आतले अस्तर सुजते. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा स्नायू जसा दगडासारखा होतो आणि सुटता सुटत नाही, तसेच काहीसे इथे घडते. वर लघवी साचत जाते, मूत्रपिंडातला दाब वाढतो, त्यावरचे आवरण ताणले जाते, आणि कुशीपासून जांघेपर्यंत जाणारी ती विलक्षण कळ येते. म्हणजे अडथळा केवळ खड्याच्या आकारामुळे झालेला नसतो, खड्याला धरून बसलेल्या नळीचाही त्यात वाटा असतो. औषधाला जे काही करता येते ते या दुसऱ्या वाट्यात.

कासाराची युक्ती

तुळशीबागेत बांगड्या भरायला बसलेल्या बाईला कासार पहिल्यांदा काय सांगतो? ‘हात सैल सोडा.’ बांगडी तीच, हात तोच, पण ताठ धरलेल्या हातात ती जात नाही, आणि जोर केला तर फुटते. हात सैल सुटला की तीच बांगडी अलगद चढते. कासार बांगडी मोठी करत नाही की हाडे लहान करत नाही, तो फक्त मधला ताठपणा काढून टाकतो.

टॅमसुलोसिनचे काम हेच आहे. शरीरातल्या काही मज्जातंतूंतून ‘आवळ’ असा रासायनिक निरोप स्नायूंना जातो, आणि तो ऐकण्यासाठी स्नायूपेशींवर जणू कान असतात. त्यांना अल्फा-ग्राही म्हणतात. टॅमसुलोसिन या कानांत कापसाचा बोळा घालते, म्हणून अशा औषधांना अल्फा-रोधक म्हणतात. निरोप पोहोचत नाही, स्नायू सैलावतो, खड्याच्या खालची वाट थोडी रुंदावते, आणि वर साचलेल्या लघवीच्या दाबाने खडा पुढे सरकण्याची शक्यता वाढते.

प्रोस्टेटचा संबंध इथेच येतो. प्रोस्टेट ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असे कान भरपूर असतात. तिथे ते बंद केले की वयस्कर पुरुषांची लघवीची धार सुधारते, आणि औषधाला सरकारी परवाना मिळाला तो याच कामासाठी. पण त्याच जातीचे कान मूत्रवाहिनीतही असतात, विशेषतः तिच्या खालच्या एक-तृतीयांश भागात ते अधिक दाटीने असतात, आणि ती मूत्रवाहिनी स्त्रियांनाही असतेच. परवान्यात लिहिलेल्या उपयोगापलीकडे एखादे औषध वैद्यकीय आधारावर वापरण्याला ऑफ-लेबल वापर म्हणतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, आणि या वापराचा उल्लेख अमेरिकेच्या, युरोपच्या आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टपणे आलेला आहे. तरीही डॉक्टरांनी चिठ्ठी देतानाच ‘पाकिटावर प्रोस्टेट लिहिलेले असेल, घाबरू नका’ एवढे एक वाक्य सांगावे, असे मला मनापासून वाटते. अशी चिठ्ठी हाती पडल्यावर गोंधळून औषध न घेणारे रुग्ण नक्कीच असणार.

मग खडा विरघळतो का?

नाही. हा सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि तो पक्का होण्याचे कारण म्हणजे कॅप्सूलबरोबर बरेचदा एक सिरपही दिले जाते. त्यात पोटॅशियम सायट्रेटसारखे क्षार असतात, त्यांनी लघवीतले आम्ल कमी होते. खडा युरिक आम्लाचा असेल तर अशा उपचाराने तो खरोखरच विरघळू शकतो, मात्र त्यासाठी लघवी ठरावीक पातळीवर आम्लरहित ठेवावी लागते आणि ती वारंवार तपासावी लागते. पण आपल्याकडे आणि जगभरातही बहुतांश खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि ते विरघळवणारे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. सायट्रेटमुळे पुढचे खडे होण्याला काही प्रमाणात आळा बसतो, आज अडकलेला खडा त्याने झिजत नाही.

हुलग्याचे कढण, पानफुटीची पाने आणि पाषाणभेद यांच्याबद्दल हेच विचारले जाते. हुलग्याचे कढण पौष्टिक आहे आणि ते प्यायल्याने पोटात पाणीही जाते, ते घरात होत असेल तर आनंदाने घ्यावे. परंतु मूत्रवाहिनीत अडकलेला खडा या उपायांनी लवकर पडतो, हे मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. शेजारच्या काकांचा खडा कढणाने पडला, असे आपण ऐकतो तेव्हा हे लक्षात ठेवावे की पाच मिलिमीटरहून लहान खड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खडे काहीही न करता पडतात. काकांनी त्या काळात जे काही घेतले असते, त्याला श्रेय मिळाले असते.

हीच अडचण औषधाच्या चाचण्यांनाही आली.

संशोधकांमध्ये वाद कशावरून झाला?

सुरुवातीच्या वर्षांत चित्र फार आशादायक होते. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तोवरच्या चाचण्या एकत्र करून निष्कर्ष आला की अशी औषधे घेणाऱ्यांत खडा पडण्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक असते. पण त्या चाचण्या लहान होत्या, आणि अनेक चाचण्यांत कोणाला खरे औषध मिळते आहे हे रुग्णाला व डॉक्टरांना माहीत होते. मग २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या २४ इस्पितळांतल्या अकराशेहून अधिक रुग्णांवरची एक मोठी, काटेकोर चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाला टॅमसुलोसिन, दुसऱ्याला निफेडिपिन हे रक्तदाबाचे औषध आणि तिसऱ्याला औषध नसलेली, फक्त दिसायला सारखी कॅप्सूल दिली होती. चार आठवड्यांत पुढच्या कोणत्याही उपचाराची गरज पडली नाही अशांचे प्रमाण अनुक्रमे ८१, ८० आणि ८० टक्के निघाले. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ५१२ रुग्णांच्या चाचणीतही खडा पडल्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ५० आणि न घेणाऱ्यांत ४७ टक्के आले, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

मग औषध निरुपयोगी ठरले का? इथे थोडे थांबून विचार करावा लागतो. समजा, एखादी शिकवणी चांगली की वाईट हे ठरवायचे आहे, आणि आपण त्यासाठी अशी मुले निवडली की ज्यांतली बहुतेक शिकवणी न लावताही उत्तीर्ण होणारच आहेत. निकाल लागल्यावर शिकवणी लावलेल्या आणि न लावलेल्या मुलांत फरक दिसणार नाही. त्यावरून त्या मुलांना शिकवणी नको होती हे सिद्ध होते, काठावरच्या मुलांना तिचा उपयोग होतो की नाही हे कळत नाही. या दोन्ही चाचण्यांतल्या बहुसंख्य रुग्णांचे खडे लहान होते. अमेरिकी चाचणीत तर सरासरी आकार चार मिलिमीटरच्या आत होता.

काठावरच्या खड्यांकडे वेगळे पाहिले तेव्हा चित्र बदलले. ऑस्ट्रेलियात सुमारे ४०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्व रुग्ण एकत्र धरले तर ठळक फरक नव्हता, पण पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांचे आणि न घेणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांचे खडे पडले. हा गट लहान होता, त्यामुळे हा आकडा जपूनच वापरायला हवा. चीनमध्ये मात्र तीन हजारांहून अधिक रुग्णांवर, फक्त खालच्या भागातल्या चार ते सात मिलिमीटरच्या खड्यांसाठी मोठी चाचणी झाली, आणि तिच्यात हे प्रमाण ८६ विरुद्ध ७९ टक्के आले. तिथेही फायदा मुख्यतः पाच मिलिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांतच दिसला.

मला या सगळ्यात चीनच्या चाचणीचा आकडा सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो आपल्याला हवेत नेत नाही. शंभर जणांनी औषध घेतले तर त्यांतल्या ७९ जणांचा खडा औषधाविनाही पडला असता, सात जणांचा औषधामुळे पडला, आणि १४ जणांचा औषध घेऊनही पडला नाही. ते सात जण शस्त्रक्रियेपासून वाचले, ही लहान गोष्ट नाही. पण आपण त्या सातांतले आहोत असे कोणालाही आधी सांगता येत नाही.

कोणाला द्यावे, कोणाला नाही?

कासाराकडे परत जाऊ. मोठ्या मापाची बांगडी हात ताठ असला तरी चढते, आणि फारच लहान मापाची कितीही सैल हातात चढत नाही. युक्ती चालते ती मधल्या मापांसाठी. पाच मिलिमीटरहून लहान खडा बहुधा स्वतःच पडतो आणि दहा मिलिमीटरहून मोठा बहुधा पडतच नाही. मधल्या पट्ट्यात, औषधाविना, सुमारे निम्मेच खडे पडतात. म्हणून खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात आणि पाच ते दहा मिलिमीटरचा असेल, वेदना आटोक्यात असतील, जंतुसंसर्ग नसेल आणि मूत्रपिंडाचे काम ठीक चालू असेल, तर हे औषध देणे योग्य ठरते. युरोपच्या सूचनांचा रोख नेमका याच रुग्णांवर आहे. अमेरिका आणि ब्रिटनच्या सूचना खालच्या भागातल्या दहा मिलिमीटरपर्यंतच्या खड्यांसाठी हे औषध सुचवतात.

त्यामुळे रिपोर्ट हाती आला की दोन गोष्टी पाहाव्यात: खडा किती एमएमचा आहे आणि तो कुठे आहे. ‘रीनल’ लिहिले असेल तर खडा अजून मूत्रपिंडातच आहे आणि हा सगळा लेख त्याला लागू पडत नाही. ‘डिस्टल युरेटर’ (मूत्रवाहिनीचा खालचा भाग) किंवा ‘व्हीयूजे’ लिहिले असेल तर लागू पडतो. सोनोग्राफीला मूत्रवाहिनीचा मधला भाग नीट दिसत नाही आणि तिच्यातले मापही काही वेळा चुकते, म्हणून शंका असेल तिथे डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. तो खर्च अनेकांना उगाच वाटतो, पण चार एमएम आणि सात एमएम यांवर पुढचा सगळा निर्णय अवलंबून असेल तर माप अचूक असणे फार महत्त्वाचे आहे.

भरपूर पाणी प्यायले तर खडा ढकलला जाणार नाही का?

नळाचे चित्र डोक्यातून गेले की या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. वाट आवळलेली असताना वरून पाणी वाढवले तर खडा सुटतो असे चाचण्यांत दिसलेले नाही, मग ते पाणी तोंडाने घेतलेले असो की सलाइनमधून. उलट कळ चालू असताना तीन-तीन लिटर पाणी बळेच पिणाऱ्यांना उलट्यांचा त्रास मात्र होतो. त्या वेळी तहानेपुरते पाणी पुरे. बिअरचेही तेच, तिने लघवी वाढते पण वाट रुंदावत नाही. भरपूर पाण्याचे महत्त्व आहे ते पुढचा खडा होऊ नये म्हणून: दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी, वर्षभर, विशेषतः उन्हाळ्यात.

औषधाचे दुष्परिणाम

अल्फा-ग्राही रक्तवाहिन्यांवरही असतात. टॅमसुलोसिन त्यांच्यावर कमी परिणाम करते, तरी पहिल्या काही दिवसांत बिछान्यातून झटकन उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून आधी बसावे, मग उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, विशेषतः प्राझोसिनसारखी त्याच जातीची गोळी, किंवा लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेत असाल, तर ते डॉक्टरांना न संकोचता सांगावे. पुरुषांमध्ये वीर्यस्खलनाच्या वेळी वीर्य कमी येणे किंवा न येणे हा परिणाम दिसतो. सायलोडोसिन या त्याच वर्गातल्या औषधात तो अधिक दिसतो. औषध थांबवल्यावर हे पूर्ववत होते, पण आधी कोणी सांगितलेले नसेल तर माणूस विनाकारण घाबरतो. आणखी एक बाब सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही: मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर हे औषध घेतल्याचे नेत्रतज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे, कारण त्याने डोळ्यातला बुबुळाचा पडदा शस्त्रक्रियेदरम्यान ढिला पडतो. गरोदर स्त्रियांनी हे औषध स्वतःहून घेऊ नये, त्यांच्या मुतखड्याचा विचार तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे करायचा असतो.

वेदनेसाठी दिली जाणारी डायक्लोफिनॅकसारखी औषधे इथे फार उपयोगी असतात, कारण ती मूत्रपिंडातला दाबही काहीसा कमी करतात. परंतु मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर तीच औषधे त्याला अपाय करतात, म्हणून ती दुकानातून परस्पर आणून दिवसेंदिवस घेत राहू नये.

दुखायचे थांबले, म्हणजे सुटलो का?

या प्रश्नाकडे मी सर्वांत जास्त लक्ष वेधू इच्छितो. दुखणे थांबण्याची दोन कारणे असू शकतात. एक, खडा पडला. दोन, खडा तिथेच आहे, पण मूत्रपिंडाने त्या दाबाशी जुळवून घेतले आहे. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला बरे वाटते, तो कामाला लागतो, आणि अडलेले मूत्रपिंड निमूटपणे निकामी होत जाते. आठवडे लोटले की हे नुकसान कायमचे होऊ शकते. म्हणून चार, फार तर सहा आठवडे ही थांबण्याची मर्यादा मानली जाते. खडा पडलेला हाताशी आला नसेल तर दुखत नसतानाही पुन्हा तपासणी करून तो गेल्याची खात्री करावी लागते, आणि तो तिथेच असेल तर दुर्बिणीतून लेझरने किंवा बाहेरून ध्वनिलहरींनी फोडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. त्या टप्प्यावर ‘अजून महिनाभर गोळीच घेतो’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

काही वेळा तर चार आठवडेच काय, चार तासही थांबायचे नसते. थंडी वाजून ताप आला, तर अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते, आणि तो रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. अशा वेळी आधी आत नळी घालून साचलेली लघवी मोकळी करावी लागते, खड्याचे नंतर पाहता येते. लघवी पूर्ण बंद झाली, उलट्यांमुळे औषध पोटात टिकेना, इंजेक्शननेही कळ थांबेना, किंवा ज्याला एकच मूत्रपिंड आहे त्याच्या बाबतीत हा प्रसंग ओढवला, तर रात्र असली तरी इस्पितळ गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

खडा पडला हे ओळखायचे कसे?

लघवी गाळूनच करावी लागते. त्यासाठी जुनी चहाची गाळणी किंवा पातळ मलमलचे फडके पुरते, आणि चार आठवडे हा कंटाळवाणा नेम पाळावा लागतो. भाचीने तो पाळला. अकराव्या दिवशी सकाळी गाळणीत तपकिरी, काटेरी, ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा असा खडा मिळाला, आणि तेव्हा तिला फारसे दुखलेही नाही. तो औषधाने पडला की आपोआप, हे सांगता येणार नाही. कॅप्सूल त्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून बंद केली. खडा धुऊन, कोरडा करून, स्वच्छ कोरड्या डबीत ठेवला आणि प्रयोगशाळेत दिला, कारण तो कशाचा बनलेला आहे हे कळल्यावरच पुढचा आहार आणि सिरपची गरज ठरवता येते. अहवालात कॅल्शियम ऑक्झलेट आले. दोन आठवड्यांनी केलेल्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज उतरलेली होती.